चेअरमनसाहेबांची आरती

अगं ऐक तर, आत्ता आमच्या सोसायटीत काय झालं! चेअरमन केंजळेंनी स्वतःचा शाडूचा पुतळा करून घेतला आणि थेट हॉलमध्ये देवाच्या चौरंगावर बसवला. देव गेले माळ्यावर, गुरुवारचं भजन बंद! शिवाय सोसायटीत झाडलोट करणाऱ्या गोदामावशींना दम, "रोज माझी आरती करायची. नाही केलीत, तर उद्यापासून कामावर यायचं नाही."

मावशींचा त्या भजनात केवढा जीव! पण काम सुटलं तर खाणार काय? त्यांनी पदर खोचला आणि सगळ्यांदेखत दणक्यात आरती केली. केंजळे फुगून टम्म! मग मावशींनी पुतळा अलगद पाटावर घेतला आणि विचारलं, "साहेब, तुम्ही दीड दिवसाचे की पाच दिवसांचे?"

"म्हणजे?"

"मातीच्या मूर्तीची आरती झाली की विसर्जन आलंच ना! दीड दिवसाचे असाल तर उद्याच बादली भरते."

पोरं बोंबललीच, "चेअरमन बाप्पा मोरया!"

केंजळेंनी पुतळा काखोटीला मारला. "आरती बंद! भजन करा, झाडू मारा, काहीही करा, पण मला बुडवू नका!"

देव परत चौरंगावर आले आणि मावशींनी लगेच टाळ धरले. खरं सांग, त्यांच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?