बांगड्यांचा पत्ता

एकदा बरोबर ठरले की काहीजण पुन्हा मान वर करून बघतच नाहीत.

वस्तूंनी माणसांदेखत बोलणं सोडलं, त्याच्या आदल्या मोसमातली गोष्ट. जयवंती नावाच्या होडीवरच्या जीपीएसने बांगड्यांची एक भरघोस जागा टिपून ठेवली होती आणि तो तिला रोज तिथेच नेई. जाळं मात्र रोज रिकामं येई. आजही तसंच झालं, तर कोळी जयवंतीला किनाऱ्यावर ओढून तिच्यावर बोंबील वाळत घालणार होते.

"अरे, पक्षी बघ तिकडे घिरट्या घालतायत," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

"जागा हीच आहे. उपग्रहांना विचार."

"उपग्रह बांगडे खातात का रे?"

"जागा बरोबर आहे. बांगडे चुकलेत."

जयवंतीने सुकाणूला डोळा मारला आणि नाक पक्ष्यांकडे वळवलं. जीपीएस 'मागे वळा' म्हणून कोकलत राहिला. थोड्याच वेळात जाळं इतकं भरलं, की ती एका अंगावर कलली.

"बघ, मी ही जागा टिपली," जीपीएस ऐटीत म्हणाला. "उद्यापासून रोज इथेच यायचं."

जाळ्याच्या भोकातून निसटता निसटता एक चिमुकला बांगडा थांबला.

"या की," तो म्हणाला, "पण आम्ही घरी नसू."