समोरून येणारा धोंडू

एक होता दगड. राजा नव्हता, राजाचा मुलगा तर नव्हताच. डोंगराएवढा दगड, नाव धोंडू. कुठल्याशा परक्या ताऱ्याकडून निघाला आणि भटकत भटकत आपल्या सूर्याच्या अंगणात शिरला.

तिथे सगळे ग्रह सूर्याला प्रदक्षिणा घालत होते. देवळात घालतात तशी, एकाच दिशेने, बरं का. पण धोंडूला ते सांगणार कोण? तो आपला उलट्या बाजूने निघाला. आणि वाट धरली ती कुणाची? गुरूची! हजारभर पृथ्व्या पोटात मावतील, एवढा गुरू.

शनीने लांबून पाहिलं. "अरे येड्या, मागे फिर! समोरून गुरू येतोय. भुकटीसुद्धा सापडायची नाही तुझी."

"फिरू कसा, आजोबा? मला पाय नाहीत."

"मग आलास कसा?"

"कुणीतरी ढकललं, तसा आलो."

शनीने आपली कडी सावरली. सल्ला संपला की वडीलधारी मंडळी असंच काहीतरी सावरतात.

मग काही वर्षांनी समोर गुरू दिसला. आधी ठिपका. मग चेंडू. मग सगळं आभाळच गुरू! तांबडे पट्टे, गरगरणारी वादळं, भोवती चंद्रांचा हा घोळका. आता संपलो, म्हणून धोंडूने डोळे मिटले. उघडले, तर गुरू मागे पडलेला. धोंडू आतल्या, म्हणजे सूर्याकडच्या अंगाने निसटला होता. जाता जाता गुरूने त्याला जरासं बाहेर ओढलं.

मग पुन्हा सहा वर्षांनी गाठ पडली. या वेळी धोंडू बाहेरच्या अंगाने गेला. गुरूने त्याला जरासं आत ओढलं.

मग तिसऱ्यांदा धोंडूने डोळे उघडेच ठेवले. आणि विचारलं, "महाराज, मला चिरडत का नाही?"

गुरू म्हणाला, "मला एकच काम येतं बाबा, ओढण्याचं. एकदा बाहेर ओढतो, एकदा आत. तेवढ्याने तू वाटेवर राहतोस. मी ओढलं नसतं, तर केव्हाच येऊन आदळला असतास."

धोंडू बघतच राहिला. ज्याला तो इतका भ्याला, त्यानेच त्याला धरून ठेवलं होतं.

लाखो वर्षं झाली. दोघं अजून त्याच वाटेवर आहेत, समोरासमोर येतात आणि सुखाने पुढे जातात. तुम्हीही आता ज्या कुशीवर झोप येईल, त्या कुशीवर वळा. उलट्या बाजूला वळलात तरी सूर्याची काही हरकत नाही.