सखाहरीची फ्रान्सची गाडी

एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा माणूस होता. काय करायचं ते त्याला एकदा सांगितलं की पाठ व्हायचं. कुठं करायचं, तेवढं कळायचं नाही.

त्याचे सासरे भानुदासमामा पुण्यात एका साहेबाची गाडी चालवायचे. साहेब देश सोडून गेला आणि गाडी मामांना देऊन गेला. मामांनी ती जावयाला दिली. गाडी फ्रान्सची. जुनी, पण घरची पाच माणसं ऐसपैस बसतील अशी. सखाहरीनं तिला हार घातला, नारळ फोडला आणि वर्षभर अंगणात उभी ठेवली. गाडी बंद पडली.

त्याची बायको सुगंधा पंचमीला माहेरी गेली ती एसटीत उभ्यानं. जाताना म्हणाली, "गौरी यायच्या आत गाडी घेऊन न्यायला या. नाहीतर गौर तुमची तुम्ही बसवा. मी यायची नाही."

सखाहरी घाबरला. धावत फाट्यावरच्या इब्राहिम मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्री म्हणाला, "माझ्या दारात ट्रॅक्टरची रांग आहे. बारीकसारीक कामं घरीच कर. आधी ऑइल बदल. आणि ध्यानात ठेव, गाडीतून जे काढशील ते डब्यात नीट ठेवायचं. काम झालं की होतं तिथं परत घालायचं."

सखाहरीनं ऑइल काढलं. काळं कुळकुळीत. डब्यात नीट ठेवलं. डबा झाकला. मग उघडला आणि ऑइल होतं तिथं परत घातलं.

"झालं, मिस्त्री. एक थेंब वाया नाही गेला."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, ते नट-बोल्टाचं सांगितलं होतं! जुनं झालं ते टाकायचं, नवं घालायचं. जा आता. ऑइल बदल, मग चाकं काढून ब्रेक बघ."

सखाहरी घरी आला. ऑइल बदललं. चाकं काढली. चाकांचे बोल्ट हातात आले. बघतो तर जुने. त्यानं ते विहिरीत टाकले आणि नवे घ्यायला तालुक्याला गेला.

दुकानदारानं विचारलं, "कुठल्या गाडीचे?"

"फ्रान्सच्या."

"मग इथं कशाला आलास? फ्रान्सला जा."

बोल्ट पुण्याहून आले. त्यात बारा दिवस गेले. मिस्त्री ओरडला, "जी वस्तू इथं मिळत नाही ती जिवापाड जपायची! पुसायची, तेल लावायचं, मग बसवायची!"

सखाहरीनं मान डोलावली. ब्रेकचे पॅड काढले. हेही इथं मिळत नाहीत, एवढं त्याच्या ध्यानात आलं. त्यानं ते पुसले आणि बोटभर तेल लावून बसवले.

गाडी सुरू झाली. सखाहरी खुशीत वेशीपर्यंत गेला. वेशीवर त्यानं ब्रेक दाबला. गाडी सरपंचांच्या उकिरड्यात जाऊन थांबली.

सरपंच धावत आले. "सखाहरी, गाडी इथं का लावलीस?"

"मी नाही लावली, सरपंच. तिनंच जागा बघितली."

आता गौरी परवावर आल्या. मिस्त्रीला दया आली. ट्रॅक्टर सोडून तो स्वतः आला. कुठूनसे पॅड मिळवले, सगळं नीट बसवलं. म्हणाला, "जा, आण तिला. फक्त एक ऐक. नव्या सामानाचा भरवसा नसतो. आवाज आला तर पुढं जायचं नाही. एकेक वस्तू तपासायची. जिचा आवाज असेल ती ज्याच्याकडून आणली त्याला परत द्यायची आणि बदलून मागायची. तो नाही म्हणाला तर ऐकायचं नाही."

सखाहरी सासुरवाडीला पोचला. गाडीनं चूं केलं नाही. मामांनी पाठ थोपटली. सासूबाईंनी कासारीण बोलावून लेकीला कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. सुगंधा हसत पुढच्या सीटवर बसली.

गाव सुटलं आणि आवाज आला. किणकिण, किणकिण.

सखाहरीनं गाडी थांबवली. बॉनेट उघडून पाहिलं. दारं हलवली. मागची शिदोरी उतरवली. गाडी चार पावलं नेली. किणकिण.

"काय शोधताय?" सुगंधानं विचारलं.

"आवाज. तू जरा उतर."

ती उतरली. त्यानं गाडी पिंपळाला वळसा घालून आणली. आवाज नाही. तिला बसवलं. किणकिण. पुन्हा उतरवलं. नाही. भोळा असला तरी सखाहरी कामाचा पक्का होता. त्यानं तीन वेळा खात्री केली.

मग गाडी उलटी फिरवली आणि सासऱ्यांच्या दारात उभी केली.

मामा बाहेर आले. "काय रे, काही विसरलं?"

"नाही मामा. तुमची गाडी एकदम चोख आहे," सखाहरी म्हणाला. "आवाज हिचा आहे. बदलून द्या. आणि नाही म्हणू नका, मी ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी घरोघरी गौरी आल्या. सखाहरी फाट्यावर आला तो पायी. गालावर पाच बोटं उठलेली. ना गाडी, ना बायको.

मिस्त्रीनं विचारलं, "अरे, काय झालं? आवाज आला का?"

"आला होता," सखाहरी अभिमानानं म्हणाला. "आता घरात कसलाच आवाज नाही."