हिरव्या टेबलाखालची पाचर

डोंगराच्या कुशीत एक छोटंसं राज्य होतं. तिथे धुकं एवढं असायचं, की दुपार होईपर्यंत समोरचं घर दिसत नसे. गाय ओळखायची घंटेवरून आणि माणूस ओळखायचा खोकल्यावरून. अशा मुलखात मैदानावर काय खेळणार? म्हणून तिथल्या राजवाड्यात बिलियर्डचं टेबल होतं.

या खेळाची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. फार पूर्वी दूरच्या थंड देशांत लोक तो गवतावर खेळत. रुंद दांड्याने चेंडू ढकलायचे, एवढंच. पण थंडीवाऱ्यात गवतावर जाववेना. मग त्यांनी खेळ घरात आणला, टेबलावर मांडला आणि गवताची आठवण राहावी म्हणून वर हिरवं कापड पसरलं. चेंडू कडेला चिकटला की रुंद दांडा चालत नसे. तेव्हा तो उलटा धरून त्याच्या शेपटीने मारत. पुढे ती शेपटीच सोयीची वाटली आणि तिचीच काठी झाली.

धुक्यातल्या लोकांना ते टेबल म्हणजे उन्हात पसरलेलं कुरणच वाटे. त्यावर तीन हस्तिदंती चेंडू फिरत, दोन पांढरे आणि एक तांबडा. कडेला जाळीच्या पिशव्या होत्या. चेंडू पिशवीत पडला की असा हलका आवाज होई, जसं कुणी झोपेत कूस बदलावी.

या राज्याची एक रीत होती. युवराजाला जरीचा फेटा बांधण्याआधी त्याने दरबारातल्या टेबलावर बाजारपेठेतल्या एखाद्या माणसाशी डाव खेळायचा. तो सगळ्या प्रजेने पाहायचा. डाव संपल्यावर लोकांनी हात वर केले, तर फेटा त्याचा. नाही केले, तर फेटा चुलत्याच्या घरी जायचा.

राजा सर्जेराव आणि राणी कुमुदिनी यांना एकच मुलगा होता. त्याचं नाव उदाजी, पण सगळे त्याला बाळराजे म्हणत. जन्मला तेव्हा तो मुठीएवढा होता. रडायला लागला की त्याचे ओठ निळे पडत. तो झोपला की राणी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघे. जागा असला की पडेल म्हणून बघे. ती बघत नसे अशी वेळच नव्हती.

उदाजी जरा मोठा झाला, तसं राजाने त्याला लहानसं टेबल करून दिलं. पहिल्याच दुपारी त्याने चेंडू मारला. तो पिशवीपासून लांब थांबला. पुन्हा मारला, पुन्हा चुकला. त्याने काठी टाकली आणि श्वास कोंडून रडू लागला. ओठांभोवती निळी रेघ उमटली.

मुलगा रडून रडून झोपल्यावर ती एकटीच त्या खोलीत गेली. तिने टेबलाचा खिडकीपासून लांबचा एक पाय जोर लावून उचलला आणि खाली लाकडाची पाचर सरकवली. अगदी पातळ, डोळ्याला दिसू नये अशी.

दुसऱ्या दिवशी तिने मुलाला सांगितलं, खिडकीजवळच्या कोपऱ्यात मारत जा, तो कोपरा तुला लाभणारा आहे. उदाजीने मारलं. चेंडू निघाला होता भलतीकडेच. पण वाटेत तो हळूच वळला, झोपेत चालणाऱ्या माणसासारखा, आणि त्या कोपऱ्यातल्या पिशवीत जाऊन पडला. मुलगा खुदकन हसला. राणीला वाटलं, आता आपल्याला देवाकडे काही मागायचं नाही.

वर्षं अशीच गेली. सरदारांची मुलं खेळायला येत आणि हरून जात. सरदार म्हणत, बाळराजांच्या हातात जादू आहे. उदाजीलाही तसंच वाटू लागलं. चेंडू मारला की तो पाठ फिरवायचा. कुठे जाणार हे ठरलेलंच, मग बघायचं कशाला? राणी रोज ठरवायची, उद्या पाचर काढू. पण उद्या त्याला खोकला असे, परवा पाहुणे असत, आणि मग त्याचा वाढदिवस येई. वाढदिवसाला कुणी मुलाला हरवतं का?

शेवटी फेट्याचा दिवस आला. दरबारातलं टेबल मोठं, दगडी पाटाचं. नागू सुताराने ते आदल्या दिवशी चारी बाजूंनी सारखं करून ठेवलं होतं. गारठ्यात हस्तिदंती चेंडू आळसावतात, म्हणून खेळाआधी युवराजाच्या आईने ते तळहातात धरून उबवायचे असत. राणीने तिन्ही चेंडू ओंजळीत घेतले. पण तिचेच हात इतके गार पडले होते, की चेंडू काही ऊब धरेनात.

"बाळा, आज जरा सांभाळून," ती म्हणाली.

"आईसाहेब, माझा नेम कधी चुकलाय का?"

राणी बांबूच्या चिकाच्या पडद्याआड जाऊन बसली.

समोर होता भिवा तांबट. दिवसभर हंडे ठोकून त्याचा हात पक्का झाला होता आणि जीभ होती तिखट. पहिली पाळी उदाजीची. त्याने नेहमीच्या कोपऱ्यात मारलं आणि पाठ फिरवली. आवाज आला नाही. वळून बघतो, तर चेंडू सरळ जाऊन कडेला टेकला होता. पुढच्या पाळीला त्याने पुन्हा मारलं. चेंडू वळला नाही. लोक कुजबुजू लागले.

"बाळराजे, तो चेंडू आहे, हुजऱ्या नव्हे," भिवा म्हणाला. "नुसता हुकूम सोडून जात नाही, वाट दाखवावी लागते."

लोक हसले. असं हसणं उदाजीने जन्मात ऐकलं नव्हतं. त्याचे कान तापले.

"हे टेबल वाकडं आहे," तो म्हणाला.

सरदारांना तेवढंच हवं होतं. वाकडंच असणार, ते म्हणाले, बाळराजांचा नेम इतकी वर्षं चुकला नाही, तो आजच कसा चुकेल? राजाने नागू सुताराला पुढे बोलावलं. भर दरबारात युवराजाचं हसं केलंस, त्याने सुनावलं, दिवस मावळायच्या आत बायकापोरांना घेऊन राज्याबाहेर जा. आणि डाव उद्या पुन्हा होईल. नागू म्हातारा होता. टेबल सरळ आहे, एवढं तो एकदा म्हणाला. मग त्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि दाराकडे चालू लागला.

राणीने पाहिलं. तोंड उघडलं, तर आपल्याच हाताने मुलाचा फेटा घालवायचा. गप्प राहिलं, तर सगळं निभावत होतं. आजच्या दुपारी याही टेबलाखाली एक पाचर, आणि उद्या फेटा. नागूची सून दाराशी उभी होती. तिच्या कडेवर लहान मूल होतं आणि ते आजोबाचं मुंडासं ओढत होतं.

राणीने पडदा बाजूला केला.

"सुतारबाबांना थांबवा," ती म्हणाली. "हे टेबल सरळ आहे. घरातलं वाकडं आहे. त्याच्या पायाखाली पाचर आहे आणि ती मी ठेवली आहे."

उदाजी आईकडे वळला.

"मग मी कधी जिंकलोच नव्हतो?"

"माहीत नाही, बाळा. मी तुला कळूच दिलं नाही."

नागू घरी राहिला. राजाने त्याची माफी मागितली. फेटा परत पेटीत गेला. चुलत्याच्या घरी लगेच पाठवू नये, पोराला एक वर्ष द्यावं, असं भिवानेच लोकांच्या वतीने सांगितलं. उदाजी कित्येक दिवस आईशी बोलला नाही. मग एका सकाळी त्याने स्वतः वाकून पाचर ओढून काढली आणि खेळायला लागला.

तो चुकला. चुकतच राहिला. राणी रोज खोलीत येऊन बसायची. तिचे हात शिवशिवायचे, म्हणून ती ते पदराखाली गच्च धरून ठेवी. उदाजी रडायचा, चिडायचा, काठी आपटायचा. पण आता तो चेंडू थांबेपर्यंत बघायचा. बघता बघता त्याला कळू लागलं, की चेंडूला कुठे लागलं म्हणजे तो कुठे जातो.

वर्षाने पुन्हा डाव मांडला. समोर पुन्हा भिवा. दोघेही सारख्याला सारखे आले. एका फटक्यात जिंकायचं होतं आणि पाळी उदाजीची होती. तो वाकला, नेम धरला आणि मग काठी खाली ठेवून सरळ उभा राहिला. या खेळात चेंडूला बाही लागली तरी ती चूक असते, आणि ती ज्याची त्याने सांगायची असते.

"माझी बाही चेंडूला लागली," तो म्हणाला. "पाळी तुमची, भिवाकाका."

"मी तर नाही पाहिलं."

"मी पाहिलं ना."

भिवाने मारलं आणि जिंकला. मग तो राजाकडे वळला. "महाराज, जिंकणारे पुष्कळ पाहिले. इतकं नीट हरणारा राजा आम्हाला चालेल."

लोकांचे हात वर गेले. आधी एकदोन, मग सगळा दरबार.

फेटा बांधून उदाजी आईच्या पाया पडला आणि लोकांबरोबर राजवाड्याच्या पायऱ्या उतरू लागला. फेटा एका बाजूला कलला होता. थांब, नीट करते, असं राणीच्या अगदी ओठांवर आलं. तिने पदर तोंडाला लावला आणि तो जाताना बघत राहिली.

तात्पर्य: लेकराला चुकायला जागा द्यावी, कारण ज्याला चुकू दिलं नाही त्याला शिकूही दिलं नाही. आणि आपण मायेने केलेली चूक दुसऱ्याच्या माथी बसत असेल, तर आपलं कितीही नुकसान होवो, खरं बोलावं.