राहेलबाईच्या वाट्याचं वचन

बोरखडी हे माळावरचं गाव. वर आभाळ, खाली मुरूम आणि दोहोंच्या मध्ये पाण्याविषयीची चर्चा, एवढीच तिथली संपत्ती. अशा गावाला नथानेल महाराजांसारखे संत लाभले हे निव्वळ देवाचं देणं म्हणायचं, कारण गावाच्या गाठीला तसं काही पुण्य असल्याचं जुन्या माणसांनाही आठवत नाही. महाराज प्रभू येशूचे भक्त. हातात एकतारी, काखेत शास्त्राचं पुस्तक, अंगात धुवट बंडी. प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत ते राहत आणि कुणी काही विचारायला आलं, की आधी त्याला पाणी देत. असेल तर.

महाराजांनी मंडळीला एक रीत घालून दिली होती. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी प्रार्थना आटोपली, की वेदीपुढे एक सूप ठेवलं जाई. सुपात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असत आणि प्रत्येक चिठ्ठीवर महाराजांनी स्वतः बोरूनं लिहिलेलं शास्त्रातलं एकेक वचन. घरटी एकानं पुढं यायचं, डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायची. तीवर जे निघेल ते त्या घराचं वर्षभराचं वचन. अडचण आली की आपल्या वचनाकडे बघायचं, शेजाऱ्याच्या नव्हे. हा शेवटचा नियम मुद्दाम घालावा लागला होता. शेजाऱ्याचं वचन शेजाऱ्याला समजावून सांगण्यात बोरखडीचा हात धरणारं गाव त्या मुलखात नव्हतं.

त्या वर्षी पाटोळ्यांच्या घरून राहेलबाई आली. ती लोकांची दळणं दळून देई आणि तिचा नवरा गेनबा विहिरी खोदायला जाई. तिला वाचता येत नव्हतं. तिनं चिठ्ठी उचलून तशीच महाराजांपुढे धरली. महाराजांनी वाचली, "शांत व्हा, आणि देव कोण ते ओळखा."

"पुढं?"

"पुढं काही नाही, बाई. एवढंच."

मागे मंडळीचे पंच शिमोनराव वाघचौरे उभे होते. शास्त्राचे अध्यायच्या अध्याय त्यांना तोंडपाठ. एकदा सुरू झाले की त्यांना मध्येच कुणी थांबवल्याचं उदाहरण नव्हतं.

"अगदी माप घेऊन शिवल्यासारखं वचन मिळालं बघा हिला!" शिमोनराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "वाचता येत नाही, सांगता येत नाही, राहिलं काय? गप्प बसणं! अहो, आमची म्हैससुद्धा वर्षभर हेच वचन पाळते."

मंडळी हसली. राहेलबाईनं चिठ्ठी मुठीत दाबली आणि ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

मग शिमोनरावांनी आपली चिठ्ठी उघडली. कोरड्या रानात झरे वाहतील, अशा अर्थाचं वचन होतं. त्यांनी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा डोळे भरून आले, दुसऱ्यांदा आवाज चढला आणि तिसऱ्यांदा त्यांना विहिरीची नेमकी जागाही दिसली. ती त्यांच्याच घराच्या भिंतीला लागून होती.

दुपारी राहेलबाई महाराजांच्या खोलीशी गेली.

"महाराज, एवढी चिठ्ठी बदलून द्या."

"करपली म्हणून बदलायला ती भाकरी आहे का?"

"पण मी करू काय तिचं? लोकांना कशी मोठी मोठी वचनं निघाली. मला म्हैस म्हणाले."

महाराजांनी एकतारी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "दळताना ओव्या म्हणतेस ना?"

"म्हणते की. त्याबिगर जातं ओढवत नाही."

"मग रोज एकदा ओवी थांबव, जातंही थांबव. दहा श्वास थांब, आणि ऐक."

"काय ऐकू?"

"ते मला ठाऊक असतं, तर मीच नसतं का सांगितलं?" महाराज म्हणाले. "शास्त्राला विचारायचं ते असं. आपण विचारायचं, आणि मग जागेवर थांबायचं. बहुतेक लोक विचारून निघून जातात."

दुसऱ्या दिवसापासून राहेलबाईनं तसं सुरू केलं. आळीत लगेच बातमी झाली, की राहेलच्या जात्याला उचकी लागली. पहिले काही दिवस तिला शेजारचं भांडण ऐकू आलं, नंतर स्वतःचं रिकामं पोट. ती थांबत राहिली. महिन्याभरात दाण्यांखाली अडकलेला एक खडा तिला नुसत्या आवाजावरून कळू लागला. त्याच्याही पलीकडे कधी कधी काही ऐकू येई, पण ते काय, हे कुणी विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही.

इकडे शिमोनरावांच्या भिंतीलगत विहीर सुरू झाली. खोदायला गेनबा, आणि त्याच्या हाताखाली, त्याला दादा म्हणणारा भिवा. नऊ पुरुष, म्हणजे नऊ माणसांच्या उंचीइतकं, खोल गेल्यावर गेनबा वर आला तो पायाला वाळू घेऊनच.

"पंच, खाली भुसभुशीत लागलंय. आधी माती धरायला आतून दगडाचं कडं बांधून घेऊ, मग उतरू."

"गेनबा, पाणी देईन म्हणून वचन कुणाचं? देवाचं. आणि देवाच्या वचनाला तू दगडाचा टेकू लावणार? ह्याला शास्त्रात अविश्वास म्हणतात!"

ही गोष्ट महाराजांच्या कानी गेली. ते स्वतः विहिरीवर आले. म्हणाले, "शिमोनराव, वचनात झऱ्यांचं लिहिलंय. कडं बांधू नका, असं कुठं लिहिलंय? शास्त्र पायांपुढं दिवा धरतं. पाऊल आपलं आपणच टाकायचं असतं, आणि बघून टाकायचं असतं."

उत्तरादाखल शिमोनरावांनी सात वचनं म्हणून दाखवली. महाराजांनी ती सातही ऐकून घेतली, हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी ते चार कोसांवरच्या निमखेड्याला एका आजाऱ्याच्या उशाशी बसायला निघून गेले. गेनबा पुन्हा विहिरीत उतरला. पंचांना नाही कसं म्हणायचं, याचा शोध बोरखडीत अजून लागायचा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारची वेळ. राहेलबाईनं जातं थांबवलं होतं. चौथा की पाचवा श्वास असेल, तेवढ्यात जमिनीच्या पोटात काहीतरी दबकन बसल्याचं तिला ऐकू आलं. गावात अजून कुणाला काही कळलं नव्हतं. ती खुंट्यावरचा हात काढून धावत सुटली.

विहिरीची एक बाजू ढासळली होती. भिवा नुकताच मातीची टोपली घेऊन वर आला होता, तो तेवढा वाचला. गेनबा खाली राहिला.

बघता बघता सगळं गाव लोटलं. बाया ऊर बडवू लागल्या. पुरुष एकमेकांना दोर आणायला पाठवू लागले, त्यामुळे दोर कुणीच आणेना. काठावर शिमोनराव दोन्ही हात वर करून धावा करत होते. तोंडपाठ असलेलं सगळं शास्त्र ते देवाला ऐकवत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते रडणं खोटं नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे. फक्त त्यांचा आवाज तेवढा सगळ्यांत मोठा होता.

"वहिनी, दादा पूर्वेच्या अंगाला खोदत होते," भिवा म्हणाला. "मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. तिकडूनच माती काढायला लागू या."

वर पश्चिमेकडून बैलगाडीएवढा एक पोट फुगलेला मातीचा कडा विहिरीत झुकला होता. त्याच्या अंगातून बारीक माती सारखी झरत होती. खाली चुकीच्या जागी खोदण्यात वेळ गेला, तर तो कडा काही वाट बघणार नव्हता. आणि गेनबाजवळ श्वास किती उरला होता, हे कुणाला माहीत?

राहेलबाईच्या पोटातून किंकाळी वर आली. ती गळ्याशी पोचली, आणि तिथंच अडली. शांत व्हा. तिनं तोंडावर पदर दाबला. मग पदर काढून ती म्हणाली, "सगळे गप्प व्हा."

कुणी ऐकलं नाही. ती शिमोनरावांपुढे जाऊन उभी राहिली.

"पंच, गप्प व्हा."

"अगं बाई, देवाचा धावा चाललाय!"

"देवाला ऐकू येतंय हो, पंच. आपल्याला येत नाही."

एवढं बोलून ती स्वतःच दचकली. पण शिमोनरावांचे हात खाली आले. त्यांचा आवाज थांबला, तसे एकेकाचे थांबत गेले. एका बाईनं रडतं मूल छातीशी घेतलं, कुणी शेळीचं तोंड धरून ठेवलं. बोरखडी इतकी शांत कुणी कधी पाहिली नव्हती.

"मला खाली सोडा," राहेलबाई म्हणाली.

आता कुठं कुणीतरी धावत जाऊन दोर आणला, आणि त्याला टोपली बांधून भिवानं तिला उतरवलं. तिनं पूर्वेकडच्या मातीला कान लावला. काही नाही. स्वतःच्या काळजाचे ठोके तेवढे. दहा श्वास झाले. पुन्हा दहा झाले. नवऱ्याच्या नावानं हाक मारावी असं तिला वाटत होतं, आणि एकदा हाक मारली की मग आपण थांबणार नाही, हेही तिला कळत होतं. ती मनात म्हणाली, 'देवा, तू कोण ते ओळखायला मला आता सवड नाही रे. तूच मला ओळख.'

आणि ठक.

तिनं श्वास धरला. ठक, ठक. दगडावर काहीतरी कडक आपटत होतं. पण आवाज पूर्वेकडून नव्हता. पाठीमागून होता, पश्चिमेकडून, त्या झुकलेल्या कड्याच्या बरोबर खालून.

"भिवा, इकडं उतर. दोघं-तिघं या. पहार नको, हातांनी काढा."

"वहिनी, तिथं कशाला? वर कडा बघा की! आणि दादा तर पूर्वेला होते, मी स्वतः..."

"काढ, भिवा."

भिवा उतरला. आणखी दोघे उतरले. कोपरभर माती काढली असेल-नसेल, आत पोकळी लागली. खडकात एक कपार होती, आणि तिच्या आडोशाला गेनबाचं तोंड होतं. तो गळ्याइतका गाडला गेला होता, डोळे मिटलेले, पण श्वास चालू होता. ते मातीत हात घालून घालून त्याला मोकळा करत होते, तोवर वरचा कडा तसाच लोंबत होता. त्याची झरणारी मातीसुद्धा थांबली होती, असं काठावरून बघणारे सांगतात. आधी गेनबा वर आला, मग राहेलबाई, मग ते दोघे, आणि शेवटी भिवा. भिवाचा पाय काठाला लागला, आणि त्याच्या मागे तो सबंध कडा विहिरीत कोसळला. धूळ घराच्या कौलांपर्यंत उडाली.

"प्रभो!" कुणीतरी म्हणालं.

गेनबानं दोन घोट पाणी प्यायल्यावर राहेलबाई त्याच्या छातीवरची माती झाडत म्हणाली, "ठोकत राहिलात, बरं केलंत."

"कोण ठोकत राहिलं?" गेनबा म्हणाला. "पहिल्या धक्क्याला पहार गेली. मी सरकलो कपारीकडं, पण हात खांद्यापासून गाडलेले. नाकावर ढेकूळ पडलं होतं, ते काढता येईना मला."

"मग तो आवाज?"

"आवाज मलाही येत होता," गेनबा म्हणाला. "डोक्यापाशीच. मला वाटलं, तुम्हीच वरून ठोकताय. म्हटलं, येतायत कुणीतरी. म्हणून दम धरला."



दुसऱ्या दिवशी सकाळी निमखेड्याची बैलगाडी महाराजांना घेऊन आली. महाराजांच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. गाडीवाल्यानं उतरता उतरता सांगितलं, "काल दुपारी ह्यांनी घाबरवलंच की आम्हांला. आजाऱ्याला शास्त्र वाचून दाखवत होते. मध्येच पुस्तक मिटलं, उठले, आणि दगडी भिंतीवर मुठीनं ठोकायला लागले. बोटांची सालटी निघाली तरी थांबेनात. धरायला गेलो तर म्हणाले, 'ठोका म्हणजे उघडेल, असं शास्त्रात आहे. उघडेपर्यंत ठोकायचं असतं, बाबा.' मग जरा वेळानं हसले, खाली बसले, आणि राहिलेलं वाचून पुरं केलं."

ऐकताच सगळी मंडळी महाराजांच्या पायांशी लोटली. महाराज मागे सरकले.

"माझ्या हाताला लागलंय, त्याला कुणाकडं हळद असेल तर द्या," महाराज म्हणाले. "पाया माझ्या पडू नका. दार ज्याचं, त्यानं उघडलं."

सर्वांत शेवटी शिमोनराव आले. एका रात्रीत माणूस वाळल्यासारखा दिसत होता.

"महाराज, माझ्या हट्टापायी गेनबा गाडला गेला. आणि वर उभा राहून मी एवढी वचनं म्हटली, एवढा धावा केला. मला एक ठोका ऐकू आला नाही. माझ्यात काय उणं आहे, ते सांगा."

महाराजांनी दुखऱ्या हातानंच त्यांचा खांदा धरला. "शिमोनराव, सगळं शास्त्र तुम्हांला पाठ आहे, ही थोडी कृपा नव्हे. पण त्यालाही कधी बोलू देता का?"

शिमोनरावांनी तोंड उघडलं. ह्यावर देण्याजोगं वचन त्यांच्या जिभेवर आलेलं होतं, एक सोडून चार आलेली होती. त्यांनी तोंड मिटलं, आणि ते पाटोळ्यांच्या घराकडे चालू लागले.

अंगणात गेनबा बाजेवर पडला होता. पंचांना पाहून तो उठू लागला, त्यांनी हातानंच त्याला निजवलं. राहेलबाई जात्यापाशी बसलेली होती, ती पदर सावरत उभी राहिली. शिमोनरावांनी डोक्यावरचं पागोटं काढून बाजूला ठेवलं, आणि जात्यापुढे दोन्ही गुडघे टेकले.

"अहो पंच, हे काय करता?" राहेलबाई कावरीबावरी झाली. "मी अडाणी बाई. उठा, लोक बघतात!"

लोक बघतच होते, कुंपणाबाहेर सगळी आळी जमली होती. शिमोनरावांनी कपाळ जमिनीला लावलं. आता पंच काहीतरी मोठं बोलतील म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. पंच काही बोलले नाहीत. फार वेळानं उठले, तेव्हा भुईवर सांडलेलं पीठ त्यांच्या कपाळाला लागलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही. तसेच, सगळ्या गावादेखत, भर उन्हातून घरी गेले.