होळीआधीची कातरणी

फार फार जुनी गोष्ट, मोठ्यांनीही कान द्यावा अशी. डोंगरातल्या एका राज्यात कडाक्याची थंडी पडायची. तिथला नियम असा, की थंडी सुरू झाली की साऱ्या धनगरांनी आपापल्या कात्र्या देवळात नेऊन ठेवायच्या आणि होळी झाल्यावरच परत न्यायच्या. मधल्या दिवसांत मेंढराच्या अंगावरची लोकर काढायची नाही म्हणजे नाही. राजाला या नियमाचा मोठा अभिमान.

मग राजानं नदीपलीकडच्या राज्याशी व्यापाराचा करार केला. घाटातला नाका खुला झाला आणि भर पौषात गाड्याच्या गाड्या भरून लोकर आली. स्वस्त! तिकडे थंडीतच मेंढरं भादरत. निम्मी काकडून मरत. त्याचं कुणाला सोयरसुतक?

गावात एक धनगरीण होती. एकटी बाई, वीस मेंढरं, तेवढाच तिचा संसार. सगळ्यांनी आत्ताच लोकर घेतली, तर होळीनंतर हिची घेणार कोण? तिच्या जिवाला घोर लागला. अन्न गोड लागेना, एका जागी बसवेना. तडक राजवाड्यावर गेली.

"महाराज, नियम आमच्याच कात्रीला का?"

राजाच्या आधी प्रधानच बोलला, "अगं बाई, त्यांची मेंढरं त्यांच्या राज्यात. आपल्याला काय करायचंय? लोकर छान आहे ना?" राजानं मान डोलावली. झालं!

परत येऊन पाहते तर शेजारी देवळातून कात्र्या काढून नेत होते. "तू बस नियम कवटाळून," ते म्हणाले. ही दारातून आत, आतून दारात. घरात पीठ संपलं होतं. शेवटी दुपारी उठली, कात्री आणली आणि कळपातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मेंढीला पुढ्यात घेतलं.

मेंढीनं विचारलं, "होळी झाली का गं, बाई?"

"झाली," बाई म्हणाली. मेंढी बिचारी निमूट आडवी झाली.

पहाटे बघते तर मेंढी मरून पडलेली. बाईनं ऊर बडवून घेतला. मग तिला खांद्यावर टाकून ती दरबारात गेली.

राजा कडाडला, "माझा नियम कुणी मोडला?"

"मी मोडला. ती माझ्यावर विश्वासून आडवी झाली आणि मी तिच्याशी खोटं बोलले. हवी ती शिक्षा द्या. पण महाराज, नियम आधी नाक्यावर मोडला, तुमच्या शिक्क्यानं. माझ्या अंगणात तो नंतर मोडला."

प्रधान काही बोलायला गेला, तसं राजानं त्याला हातानंच गप्प केलं. त्याच दिवशी हुकूम निघाला, "इथं जे करायचं नाही, ते करून आणलेलं इथं विकायचंही नाही. आमची माणसं तिकडचे कळप पाहून येतील, मगच नाका उघडेल." पलीकडचे व्यापारी आठ दिवस फुरंगटून बसले. पण गिऱ्हाईक जाईल म्हटल्यावर तेही उन्हाची वाट बघू लागले.

बाईला राजानं शिक्षा केली नाही. पण तिची मेंढरं त्यानंतर तिला पाहिली की दूर पळत, भर उन्हाळ्यातसुद्धा.

तात्पर्य: जे क्रौर्य आपण घरात होऊ देत नाही, ते बाहेरून विकत घेतलं तरी आपलंच असतं.