मिठाच्या गोण्या आणि कासाराचं घर

फार फार वर्षांमागची गोष्ट. त्या काळी समुद्राकाठचं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर यायचं. घाटमाथ्यावरच्या एका बाजारगावात केरबा नावाचा कासार राहत असे. चाळीस वर्षं गावोगाव हिंडून त्याने बायाबापड्यांना बांगड्या भरल्या. गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा गाठीच्या पैशांतून त्याने वेशीजवळ दोन खणांचं मातीचं घर बांधलं आणि भाड्याने दिलं. म्हातारपणी त्याला आणि त्याच्या बायकोला, सगुणेला, तेवढाच आधार.

घरात म्हाळू नावाचा कोष्टी बायकोसह राहायला आला. जमिनीत खड्डा खणून त्याने माग बसवला. भाडं बेताचंच, पण ते न मागता घरपोच यायचं. पाऊसकाळाआधी म्हाळू स्वतः कौलं शाकारायचा, त्याची बायको भिंती लिंपायची. सात वर्षं केरबाला त्या घराकडे फिरकावंही लागलं नाही. म्हणूनच की काय, भाडेकरूची किंमत त्याला कळली नाही.

एके दिवशी मिठाचा एक व्यापारी आला. म्हणाला, "काका, वेशीजवळचं घर मला द्या. गोण्या ठेवायला हवंय. आता मिळतं त्याच्या तिप्पट भाडं देईन."

केरबाला रात्रभर झोप लागली नाही. सगुणा म्हणाली, "अहो, चालत्या मागावरून माणसाला उठवू नये."

"सगुणे, तुझ्या लुगड्याला ठिगळं किती, मोज जरा. मलाही चार दिवस बरे काढू दे."

बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? त्याने म्हाळूला निरोप सांगितला. म्हाळूने मागाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आठ दिवस द्या, काका. मागावरचं लुगडं तेवढं उतरवतो." केरबाला मान वर करवली नाही. आठव्या दिवशी म्हाळूने माग सोडला, खड्डा बुजवला, वरून जमीन सारवली आणि तो गेला.

व्यापारी शब्दाला पक्का होता. तिप्पट भाडं वेळेवर येऊ लागलं. सगुणेला नवं लुगडं आलं, जेवणात तूप आलं.

तिसऱ्या वर्षी मात्र भिंतींच्या पायथ्याला मिठाचा पांढरा लोणा धरला. हात लावला की माती पिठासारखी गळायची. आणि एका दुपारी मागची भिंत बसली ती बसलीच.

केरबा तसाच लंगडत व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी म्हणाला, "काका, मीठ ओल धरणार, भिंत खाणार. तुम्ही भाडं विचारलंत, माल काय करतो ते विचारलं नाहीत." त्याने गोण्या उचलल्या आणि दुसरी जागा धरली. बोलणं खरं होतं, त्यामुळे केरबाला रागावताही येईना.

काठी टेकत तो म्हाळूच्या दारी गेला. "परत ये, बाबा. भाडं हवं तर कमी दे."

"काका, मागाचा खड्डा इथे खणलाय. हा मालकही भला आहे. आता हलणं नाही."

केरबा खाली मान घालून परतला. पण दुसऱ्या सकाळी म्हाळू कुदळ घेऊन वेशीजवळ हजर! "खारावलेली माती कणभरही ठेवू नका," तो म्हणाला, "कमरेइतकी खरवडा, खाली दगड घाला, मग नवी माती चढवा." आणि तो स्वतःच खणू लागला.

केरबाचे डोळे भरून आले. "मी तुला उठवलं, आणि तू..."

"सात वर्षं राहिलोय या घरात, काका," म्हाळू म्हणाला.

तीन वर्षांत जास्तीचं जे मिळालं, ते सगळं भिंतींत गेलं. शिवाय घर वर्षभर रिकामं राहिलं, कारण लोक त्या भिंतींना भ्यायचे. शेवटी दोर वळणारं एक कुटुंब आलं. केरबाने त्यांना ओसरीवर बसवलं, सगुणेने पाणी दिलं. मग केरबाने विचारलं, "काम काय करता? घरात काय काय ठेवाल? किती वर्षं राहायचा विचार आहे?" भाड्याचं बोलणं सगळ्यांत शेवटी निघालं. ते म्हाळूच्या भाड्याहूनही कमी ठरलं आणि केरबाने ते आनंदाने मान्य केलं.

बोध: भाडं ठरवण्याआधी भाडेकरू पारखावा, आणि चांगला मिळाला तर त्याला जपावं.